जुनी नौका विकली, पण समुद्रातून गेली का?

खास प्रतिनिधी

१ जून उजाडला, की महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील यांत्रिक नौका बंदरात परततात. ३१ जुलैपर्यंतच्या ६१ दिवसांच्या मासेमारी बंदीत त्या किनाऱ्यावर ओढल्या जातात, पावसापासून वाचविण्यासाठी शाकारल्या जातात आणि वर्षभर पाण्याखाली दडलेला त्यांचा तळ प्रथमच उघडा पडतो. याच दिवसांत सातपाटीपासून मालवणपर्यंतच्या बंदरांत एक गिऱ्हाईक हमखास दिसते. ते नौकेभोवती दोन फेऱ्या मारते, फळ्यांवर बोटांनी ठोकून पाहते, सांध्यांत नख घालते, इंजिन चालू करून त्याचा आवाज ऐकते आणि मग नाखव्याबरोबर बाजूला जाऊन बोलू लागते. जुन्या नौकांच्या खरेदी-विक्रीचा बाजार असा भरतो. त्याला ना गाळा असतो, ना पाटी, ना भावफलक.

नाखवा नौका विकतो, तो बहुधा धंदा सोडण्यासाठी नव्हे. त्याला दुसरी नौका घ्यायची असते. कुणाला लाकडीऐवजी फायबरची हवी असते, कुणाला अधिक लांबीची, कुणाला अधिक अश्वशक्तीच्या इंजिनाची. शहरातला माणूस जुनी दुचाकी दुकानात देऊन तिची किंमत नव्या दुचाकीच्या किमतीतून वळती करून घेतो. नौकेच्या बाबतीत ही सोय जवळजवळ नाहीच. नौका बांधणारा कारागीर किंवा कारखानदार जुनी नौका घेत नाही, बँक ती तारण म्हणून धरायला कचरते आणि सरकारी अनुदानाच्या हिशेबात तिच्या किमतीला जागाच नसते. साहजिकच जुनी नौका विकून आलेल्या पैशांतच नव्या नौकेचा पहिला हप्ता शोधावा लागतो. ही घाई नाखव्याला पहिल्या अडचणीत टाकते. दुसरी अडचण समुद्राची आहे आणि ती अधिक मोठी आहे. विकलेली नौका मासेमारीतून बाद होत नाही, ती फक्त धनी बदलते.

किंमत लाकडाची की कागदाची?

जुन्या नौकेची किंमत ठरविताना चार गोष्टी तोलल्या जातात. पहिली म्हणजे तिचा सांगाडा. लाकडी नौकेत सागवान किती आणि हलके लाकूड किती, समुद्री किड्याने तळ पोखरला आहे का, गेल्या दोन-तीन हंगामांत किती फळ्या बदलल्या, हे पाहिले जाते. दुसरी गोष्ट इंजिन. कित्येकदा सांगाडा संपलेला असतो. पण इंजिन आणि विंच चांगले असल्याने गिऱ्हाईक मिळते. तिसरी गोष्ट जाळी, बर्फ आणि मासळी ठेवण्याचे कप्पे, जीपीएस, वायरलेस संच आणि माशांचा थवा दाखविणारे यंत्र. चौथी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. पण भाव तीच फिरवते. ती म्हणजे नौकेची कागदपत्रे.

पर्ससीन जाळ्यांचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर राज्य सरकारने ५ फेब्रुवारी २०१६ रोजी आदेश काढून नवे पर्ससीन परवाने थांबविले. अस्तित्वातील परवाने टप्प्याटप्प्याने २६२ आणि अखेरीस १८२ पर्यंत खाली आणण्याचे धोरण जाहीर केले आणि या मासेमारीला सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच काळ दिला. त्या दिवसापासून शेजारीशेजारी नांगरलेल्या दोन सारख्याच नौकांची किंमत सारखी राहिली नाही. परवाना असलेली नौका ही चालती पेढी ठरली. परवाना नसलेली केवळ लाकूड आणि लोखंड. पुढे नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने एलईडी दिव्यांच्या साह्याने होणाऱ्या मासेमारीवर आणि दोन नौकांनी मिळून जाळे ओढण्याच्या पद्धतीवर बंदी घातली. दिवे आणि जनित्रे यांवर केलेला खर्च विक्रीच्या वेळी वसूल होण्याची कायदेशीर वाट तेव्हाच बंद झाली. सरकारी आदेशाचे एक पान किनाऱ्यावर उभ्या असलेल्या नौकेची किंमत रातोरात बदलू शकते, हे या दोन प्रसंगांनी दाखवून दिले.

फायबरच्या नौकांनी या हिशेबात आणखी एक गुंता वाढविला आहे. लाकडी नौकेचे आयुष्य संपले, की तिची लाकडे सुटी होतात, लोखंड भंगारात जाते आणि उरलेले सरपण होते. फायबरच्या सांगाड्याचे असे काही होत नाही. तो कुजत नाही, वितळवून पुन्हा वापरता येत नाही आणि जाळला तर विषारी धूर होतो. त्यामुळे निकामी झालेली फायबरची नौका विकणे किंवा खाडीच्या कडेला टाकून देणे, एवढेच दोन मार्ग तिच्या मालकापुढे उरतात. वाटेल त्या भावाने ती विकण्याकडे त्याचा कल झुकला, तर नवल नाही.

तोंडी व्यवहाराचा धोका

मोटार विकली, की आरटीओ कार्यालयात जाऊन २९ आणि ३० क्रमांकाचे फॉर्म भरायचे असतात, हे आता बहुतेकांना ठाऊक झाले आहे. नौकेच्या बाबतीत तेवढी जाण रुजलेली नाही. वास्तविक नौकेची नोंद ही मोटारीच्या नोंदीपेक्षा अधिक गंभीर बाब आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यातील अतिरेकी ‘कुबेर’ ही पळविलेली मासेमारी नौका घेऊन मुंबईच्या जवळ आले होते. त्यानंतर देशभरातील मासेमारी नौकांची एकसूत्री नोंदणी हाती घेण्यात आली. ‘रिअलक्राफ्ट’ ही संगणकीय प्रणाली आली, ‘आयएनडी-एमएच’ या अक्षरांनी सुरू होणारे क्रमांक नौकांच्या कडेवर रंगविले गेले आणि कोणत्या राज्याच्या नौकेचा रंग कोणता, हेही ठरले. गुजरातेतील नौका महाराष्ट्रात विकली गेली, तर तिचा नुसता मालक बदलून भागत नाही. मूळ बंदरातील नोंद सुटावी लागते, नवी नोंद व्हावी लागते आणि क्रमांक व रंगही बदलावे लागतात.

प्रत्यक्षात काय घडते? हंगाम तोंडावर आलेला असतो. घेणाऱ्याला १ ऑगस्टला नौका समुद्रात लोटायची असते, विकणाऱ्याला नव्या नौकेचे पैसे भरायचे असतात. मुद्रांकाच्या कागदावर चार ओळी लिहून, कधी केवळ गावातील दोन वडीलधाऱ्यांच्या साक्षीने, व्यवहार उरकला जातो आणि ‘नावावर करून घेऊ सावकाश’ असे म्हणून नोंदीचे काम पुढच्या पावसाळ्यावर ढकलले जाते. नौकेवर संस्थेचे कर्ज असले, तर परिस्थिती आणखी बिकट होते. राष्ट्रीय सहकार विकास निगमाच्या साह्याने मच्छीमार सहकारी संस्थांमार्फत यांत्रिक नौकांसाठी कर्जे देण्यात आली आणि त्यांतील थकबाकी हा वर्षानुवर्षांचा वादविषय आहे. अशी नौका संस्थेच्या संमतीशिवाय विकता येत नाही. मग ‘कर्ज माझ्या नावावर, हप्ते तू भर’ असा तोंडी तोडगा निघतो. हंगाम चांगला गेला तर हप्ते जातात. तो वाईट गेला, की नोटीस येते ती नौका हातची गेलेल्या मूळ मालकाच्या दारात.

दंडाचेही तेच. राज्याने १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती केली आणि बेकायदा मासेमारीचा दंड लाखांच्या घरात नेला. जानेवारी २०२५ पासून किनाऱ्यावर ड्रोनद्वारे टेहळणी सुरू झाली. ड्रोनला नौकेवरचा क्रमांक दिसतो; सुकाणूवर कोण बसला आहे, हे त्याला कळत नाही. क्रमांकावरून नोंद उघडली जाते आणि नोंदीत ज्याचे नाव आहे, त्याच्याकडेच पहिली विचारणा होते. ज्याने दोन वर्षांपूर्वी नौका विकली आणि आता दुसऱ्याच नौकेवर दुसऱ्याच जाळ्याने मासेमारी करतो, त्याने आपले निर्दोषत्व सिद्ध करण्यासाठी कार्यालयाचे उंबरठे झिजवायचे, असा हा उफराटा न्याय आहे. मात्र त्याची सुरुवात त्याने स्वतः टाळलेल्या एका अर्जापासून झालेली असते, हेही विसरून चालणार नाही.

घेणाऱ्याची बाजूही सुरक्षित नसते. विम्याचे उदाहरण घ्या. नुकसान झाले त्या वेळी विमेदाराचे त्या नौकेत हितसंबंध असले पाहिजेत, हे १९६३ च्या सागरी विमा कायद्याचे मूलतत्त्व आहे. नौका विकून पैसे घेतलेल्या माणसाचे हितसंबंध संपतात आणि विमापत्र रीतसर हस्तांतरित झाले नसेल, तर घेणाऱ्याचे त्या विम्याशी नातेच जुळत नाही. म्हणजे वादळात नौका फुटली, तर हप्ता भरलेला असूनही भरपाई मागण्याचा अधिकार दोघांपैकी कोणालाच उरत नाही. डिझेलवरील मूल्यवर्धित कराचा परतावा संस्थेमार्फत नोंदीतील नौकेला मिळतो. तेथेही नावांचा घोळ घेणाऱ्याच्या मुळावर येतो.

यापुढे हा घोळ अधिक महाग पडणार आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते देशातील एक लाख मासेमारी नौकांवर उपग्रहाद्वारे संपर्क साधणारे ट्रान्सपाँडर बसविण्याच्या सुमारे ३६० कोटी रुपयांच्या योजनेचा प्रारंभ झाला. संकटात सापडलेल्या खलाशाने कळ दाबली, की संदेश किनाऱ्यावर पोहोचतो. पण त्या नौकेमागे नाव आणि दूरध्वनी जुन्या मालकाचा असेल, तर कोण संकटात आहे हे कळण्यातच मोलाचा वेळ जाईल. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने देशाच्या अनन्य आर्थिक क्षेत्रातील मासेमारीसाठी नवे नियम जारी केले. त्यांनुसार यांत्रिक नौकांना त्या क्षेत्रात जाण्यासाठी ‘रिअलक्राफ्ट’वरूनच प्रवेशपत्र घ्यावे लागते. नोंद एकाची आणि ताबा दुसऱ्याचा, हा प्रकार आजवर खपून गेला असेल. पुढे खपणे कठीण आहे.

एक गेली, दोन झाल्या

आता प्रश्नाची दुसरी बाजू. नाखव्याने जुनी नौका विकून मोठी घेतली. त्याच्या घरच्या हिशेबात एक नौका गेली आणि एक आली. समुद्राच्या हिशेबात मात्र काल एक नौका होती, आज दोन आहेत. जुनी नौका घेणारा सहसा कमी भांडवलाचा असतो. नौका जीर्ण, इंजिन थकलेले. त्यामुळे तो फार दूर जाऊ शकत नाही आणि किनाऱ्याजवळच जाळे ओढतो. तेथे डोल आणि गळाच्या मासेमारीवर जगणारी, छोट्या होडीने जाणारी कुटुंबे आधीपासून असतात. मोठ्या नौका खोल समुद्रात पाठवून किनाऱ्यावरील ताण कमी करायचा, हा धोरणाचा हेतू. पण जुन्या नौकेचे काय करायचे, हे न ठरविल्यामुळे ताण तेथेच राहतो.

केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे आकडे या संदर्भात लक्षात ठेवण्यासारखे आहेत. संस्थेच्या अंदाजानुसार महाराष्ट्रात किनाऱ्यावर उतरलेली मासळी २०१७ मध्ये ३.८१ लाख टन होती; २०१८ मध्ये ती २.९५ लाख टनांवर आणि २०१९ मध्ये २.०१ लाख टनांवर आली. हा ४५ वर्षांतील नीचांक होता. त्या वर्षी ‘क्यार’ आणि ‘महा’ या चक्रीवादळांनी मासेमारीचे बरेच दिवस बुडविले होते, त्यामुळे सगळा दोष नौकांच्या संख्येला देणे योग्य ठरणार नाही. तरीही घसरण वादळांच्या आधीच्या वर्षीही झाली होती, हे नाकारता येत नाही. मासळी घटत असताना नौका वाढत राहिल्या, तर प्रत्येकाच्या वाट्याला येणारी टोपली हलकी होणार, हे समजायला अर्थशास्त्र लागत नाही.

पाल्कच्या सामुद्रधुनीतील धडा

जुनी नौका काढून घेऊन नवी देण्याचा प्रयोग देशात झालाच नाही, असे नाही. तमिळनाडूतील रामेश्वरम आणि आसपासच्या बंदरांतील ट्रॉलर श्रीलंकेच्या हद्दीत जात, पकडले जात आणि दोन्ही देशांत तणाव निर्माण होई. त्यावर उपाय म्हणून २०१७ मध्ये पाल्कच्या सामुद्रधुनीतील ट्रॉलरधारकांना खोल समुद्रात ट्यूना पकडणाऱ्या नौका देण्याची योजना आखण्यात आली. एका नौकेची किंमत ८० लाख रुपये धरली होती. तीत केंद्राचा वाटा ५० टक्के, राज्याचा २० टक्के, बँकेचे कर्ज २० टक्के आणि मच्छीमाराचा स्वतःचा वाटा १० टक्के, म्हणजे ८ लाख रुपये. तीन वर्षांत २,००० ट्रॉलर बदलण्याचे उद्दिष्ट होते आणि जुना ट्रॉलर त्या समुद्रातून बाहेर काढणे हा योजनेचा गाभा होता.

अनुदान ७० टक्के असूनही प्रतिसाद उद्दिष्टाच्या जवळपासही पोहोचला नाही. कारणे उघड आहेत. एका दिवसात जाऊन परतणाऱ्या माणसाला आठवडेच्या आठवडे समुद्रात राहण्याचे तंत्र अवगत नव्हते. कर्जाचे ओझे आणि वाढता बांधणीखर्च यांची धास्ती होती. शिवाय उद्याच्या अनिश्चित उत्पन्नासाठी आजचे निश्चित साधन मोडायचे होते. कागदावर ट्रॉलरची किंमत काहीही असो, त्याच्या मालकाच्या दृष्टीने ती त्याच्या रोजीरोटीएवढी होती. ती भरून निघते आहे, असे त्याला वाटले नाही.

युरोपीय संघाने हा प्रश्न वेगळ्या बाजूने हाताळला. २००३ पासून तेथे नियम आहे, की नवी नौका ताफ्यात यायची असेल, तर किमान तेवढ्याच टनभाराची आणि तेवढ्याच शक्तीची जुनी क्षमता आधी बाहेर गेली पाहिजे. म्हणजे मोजदाद नौकांची नव्हे, त्यांच्या मासे पकडण्याच्या ताकदीची होते. ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकात अनुदान देऊन नौका मोडीत काढल्या गेल्या. त्यात कित्येक देखण्या जुन्या लाकडी नौकांवर बुलडोझर फिरला आणि त्याबद्दल तेथे पुढे हळहळही व्यक्त झाली. तात्पर्य, नौका मोडणे हा सोपा किंवा निर्दोष उपाय नाही. पण जुनी किती गेली हे न मोजता नवी देत राहणे हा तर उपायच नाही.

राज्यापुढील प्रश्न

महाराष्ट्रात हा प्रश्न आता दारात येऊन ठेपला आहे. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत खोल समुद्रातील नौकेची किंमत १ कोटी २० लाख रुपये धरली आहे. सर्वसाधारण गटाला ४० टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान मिळते. म्हणजे सर्वसाधारण गटातील लाभार्थ्याला ४८ लाख मिळाले, तरी ७२ लाख उभे करावे लागतात. २७ ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबईत माझगाव डॉक येथे केंद्रीय सहकारमंत्री अमित शहा यांच्या हस्ते अशा नौकांचे वितरण झाले. राज्य सरकारने त्याच वर्षी मत्स्यव्यवसायाला कृषीसमान दर्जा दिला. नव्या नौका येणार, हे स्पष्ट आहे. त्या घेणारा आपली जुनी नौका कोणाला, किती किमतीत आणि कोणत्या जाळ्यासह विकणार, याचा विचार मात्र कुठे झालेला दिसत नाही.

रस्त्यावरील वाहनांसाठी असा विचार झाला आहे. २०२१ च्या वाहन मोडीत काढण्याच्या धोरणानुसार जुने वाहन अधिकृत केंद्रात दिल्यावर प्रमाणपत्र मिळते आणि ते दाखवून नव्या वाहनाच्या करात सवलत घेता येते. नौकांसाठी याच धर्तीवर व्यवस्था उभी करणे अशक्य नाही. मत्स्यव्यवसाय खात्याच्या देखरेखीखाली जुन्या ट्रॉलरचे मूल्यांकन व्हावे, तो मोडल्याचे प्रमाणपत्र मिळावे आणि ती रक्कम लाभार्थ्याच्या स्वतःच्या वाट्यात धरली जावी. ७२ लाखांपैकी काही लाख जरी अशा रीतीने वळते झाले, तरी सावकाराच्या दारी जाण्याची पाळी टळेल आणि समुद्रातील एक जाळेही कमी होईल. फायबरच्या सांगाड्यांची विल्हेवाट लावण्याची सोयही त्याच केंद्रावर होऊ शकेल.

या सूचनेवर एक रास्त आक्षेप आहे आणि तो बाजूला सारता येणार नाही. ज्याच्याकडे काहीच नाही, अशा खलाशाला स्वतःची नौका मिळते ती जुन्या बाजारातूनच. दहा-पंधरा वर्षे दुसऱ्याच्या नौकेवर राबून, चार पैसे गाठीला बांधून, भावकीकडून उसनवारी करून तो एखादी जुनी नौका घेतो आणि खलाशाचा नाखवा होतो. सगळ्याच जुन्या नौका मोडायचे ठरविले, तर त्याच्या पायाखालची ही शिडीच काढून घेतल्यासारखे होईल. म्हणूनच सरसकट नियम नको. छोट्या, डोल किंवा गळाची मासेमारी करणाऱ्या नौका मोकळेपणाने विकल्या जाव्यात. अनुदानातून नवी नौका घेणाऱ्याचा जुना ट्रॉलर किंवा पर्ससीन नौका मात्र पुन्हा त्याच जाळ्यासाठी नोंदविली जाऊ नये. एवढा भेद केला, तरी पुष्कळ काही साधेल.

आणि जे काम कोणत्याही नव्या धोरणावाचून होण्यासारखे आहे, ते नाव बदलण्याचे. बंदीचे ६१ दिवस नौका किनाऱ्यावर असतात, मालक गावात असतो, संस्थेचे कार्यालय उघडे असते. त्या काळात प्रत्येक मोठ्या बंदरात खात्याने आठ-आठ दिवस बसून हस्तांतराचे अर्ज घ्यावेत, कर्जाची आणि विम्याची नोंद त्याच टेबलावर पाहावी. विकणाऱ्याने व्यवहाराची पूर्ण रक्कम हाती घेण्याआधी आणि घेणाऱ्याने ती देण्याआधी हा अर्ज भरला जावा, असा संस्थांनीच दंडक घातला, तर उद्याचे निम्मे तंटे आज मिटतील.

नारळी पौर्णिमेला रंगरंगोटी केलेल्या नौका पुन्हा सज्ज होतात, तेव्हा त्यांच्या कडेवरचे क्रमांक ताज्या रंगात चमकत असतात. त्या क्रमांकामागचे नाव खरोखर नौकेवर उभ्या असलेल्या माणसाचे असावे, ही अपेक्षा फार मोठी नाही. आणि जी नौका गेली असे सरकारदरबारी मानले जाते, ती खरोखर गेली का, हे कोणीतरी एकदा किनाऱ्यावर जाऊन मोजले पाहिजे.